माश्या जगल्या तो भादवा

भादवा लागला की ऊन पिवळं पडतं. श्रावणातल्या उन्हाला निदान पावसाचा ओला पदर असतो; भादव्यातलं ऊन चिकट, कोंदट, मस्तकात जाणारं. भिंतींना ओल, अंगाला घाम, आणि खिडकीच्या चौकटीवर माश्या. अमरावतीच्या या घरात मी किती भादवे काढले ते आता आठवत नाही. पण काचेवर माशी आपटून भणभणायला लागली की अजून मी हातातलं काम ठेवते आणि ती जगते की मरते हे बघत उभी राहते. मुलांना वाटतं, म्हातारीची तंद्री लागली.

यंदा महालक्ष्म्यांना मुक्ता आली होती. मुक्ता माझी नात, अकोल्याला धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ काढून ठेवलं होतं, त्यातलं चमचाभर तिनं एका बाटलीत घातलं, कसलंसं पाणी ओतून खळखळून हलवलं आणि त्यातले दोन-चार थेंब बोटभर लांबीच्या एका पट्टीवर सोडले. मी विचारलं, हे काय?

"आजी, ज्वारीवर फवारलेलं औषध पिठात उतरलंय का, ते कळतं यानं. दोन रेषा आल्या तर पीठ चांगलं. एकच आली तर विष."

"पट्टीला कसं कळतं?"

"पट्टीवर अँटिबॉडी असतात. प्रतिपिंड. त्या एकाच विषाला ओळखतात, दुसऱ्या कोणाला नाही. ते विष भेटलं की त्यालाच धरून बसतात, मग रेषेपर्यंत पोचतच नाहीत."

"आणि त्या मिळतात कुठून?"

"पूर्वी सशांच्या रक्तातून काढायचे. आता वेगळ्या तऱ्हेनं करतात."

पट्टीवर एक रेषा उमटली, मग जराशानं दुसरी. मुक्ता हसून म्हणाली, "घे, कर तुझी आंबील." मी पिठाचं भांडं उचललं. आपल्या आजोबांनी या घराच्या परसात कित्येक वर्षं ससे पाळले होते, हे तिला ठाऊक नाही. ती जन्मायच्या आधीच हे गेले होते. आणि ससे का पाळले, हे मी माझ्या मुलालाही कधी नीट सांगितलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. शेतकऱ्याच्या घरातले पहिले शिकलेले. बोलणं हळू, पण एकदा बोलले की त्यात शंका नसे. मुलांना तो त्यांचा ठामपणा फार आवडायचा. मलाही.

माझं माहेर मूर्तिजापूरच्या पुढं. मोठ्या गाडीतून उतरायचं, शकुंतलेत, त्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत, बसायचं आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या वावरांतून डुलत डुलत जायचं. भादव्यात त्या डब्यात खिडकीतून कपाशीचा वास आत येई. साठ सालानंतर मात्र त्या वासात दुसरा एक वास मिसळायला लागला. रॉकेलसारखा, पण थोडा गोडसर, घशाशी येणारा. तो एंड्रीनचा. पाठीला पंप बांधलेली माणसं ओळींतून तोंडावर फडकं बांधून चालताना दिसत. कोणी म्हणे, "औषध मारून राहिलो." आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. कपाशीला औषध, गोठ्याला औषध, ढेकणाला औषध. इतक्या चांगल्या शब्दाच्या डब्यात काय भरलं आहे, हे उघडून बघायचं कोणाच्या मनात येत नसे.

माझा भाऊ, दादा, गावातला मोठा शेतकरी. सालदारांना, रोजानं येणाऱ्या बायांना तो मजुरी ज्वारीत द्यायचा. भादव्यात गरिबाघरची जुनी ज्वारी संपलेली असते आणि नवी अजून पोटरीत असते. त्या दिवसांत दादाच्या कोठ्यातली पोती म्हणजे अर्ध्या गावाचं पोट. दादा वाईट माणूस नव्हता. मापात कधी कमी घातलं नाही त्यानं. दारी आलेल्या माणसाला रिकामं पाठवणं त्याला आपला अपमान वाटे.

साठनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट; कोठ्यात फळीवर एंड्रीनचे डबे ठेवले होते आणि खाली ज्वारीची पोती. पावसाळाभर गळणाऱ्या कौलाखाली एक डबा गंजला आणि झिरपत राहिला. कळलं तेव्हा पोत्यांची एक बाजू भिजून काळपट झाली होती. दादानं पोती अंगणात ओतली, उन्हात वाळवली, पुन्हा भरली. वास गेला. "वाळलं म्हणजे उडून गेलं," असं तो म्हणाला, आणि घरात ते कोणालाच चुकीचं वाटलं नाही. ओली कोणती आणि कोरडी कोणती, ते मात्र आता कळेनासं झालं होतं.

पोळा झाला आणि सुखदेवचा बाप गेला. सुखदेव दादाकडे सालानं होता. म्हातारा सकाळी भाकर खाऊन बसला होता, बसल्या जागी ताठला. दातखीळ बसली, टाचा जमिनीवर आपटायला लागल्या. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. गाव म्हणालं, मिरगी. दोन दिवसांनी वहिनी परसात गेली तर निवडलेल्या ज्वारीचा खडा-कोंडा टिपणाऱ्या कोंबड्या एका कुशीवर पडून पाय झाडत होत्या. अगदी तसेच. वहिनीनं पदर तोंडाला लावला आणि घरात येऊन दादाला एवढंच म्हणाली, "मिरगी कोंबड्यायले होत नाही."

दादानं माणूस पाठवून आम्हा दोघांना बोलावून घेतलं. महालक्ष्म्यांसाठी मी जाणारच होते. नमुने तपासायला मुंबईला पाठवायचे तर उत्तर येईस्तोवर दिवाळी उजाडली असती. सगळी पोती पुरून टाकायची म्हटलं तर चांगलीही पुरली जाणार, आणि लोकांनी खायचं काय? यांनी बरोबर कॉलेजात शिकवण्यासाठी पाळलेल्या माश्या आणल्या होत्या. दुधाच्या बाटल्यांत, तोंडाला मलमल बांधून. हसू नका. तेव्हा जगात बऱ्याच ठिकाणी असंच तपासत. पीठ स्पिरिटमध्ये भिजवायचं, ते पाणी काचेच्या भांड्यात फिरवून वाळवायचं आणि आत माश्या सोडायच्या. विष असेल तर माश्या मरतात.

ओसरीवर बायामाणसं गोळा झाली. काही भांड्यांत माश्या थोड्याच वेळात पाठीवर पडून गरगर फिरायला लागल्या. भिंगरीसारख्या. त्या पोत्यांवर यांनी चुन्याची खूण केली आणि शेताच्या धुऱ्याशी खोल खड्डा करून ती पुरली. पण बरीच पोती राहिली होती आणि आणलेल्या माश्या संपल्या.

"मी उद्या अमरावतीला जाऊन घेऊन येतो," हे म्हणाले.

दादाला हसू आलं. "माश्यायसाठी अमरावतीले जाता काय, जवाईबापू? आपल्या गोठ्यात का कमी हायेत?"

सगळे हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं. हेही हसले. गोठ्यात गुळाचं पाणी ठेवून माश्या धरल्या आणि राहिलेल्या पोत्यांच्या पिठावर सोडल्या. त्या जगल्या. संध्याकाळपर्यंत काचेवर फिरत होत्या, पुढचे पाय एकमेकांवर घासत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही फिरत होत्या. दादानं देवापुढं साखर ठेवली.

त्या सकाळी पार्वता आली. सुखदेवची बायको. सासऱ्याला जाऊन जेमतेम आठवडा झालेला. काळी, उंच, कपाळावर मोठं गोंदण. डोक्यावर रिकामं टोपलं. दादानं माप भरून टोपल्यात ओतलं, पण ती हलेना. ओसरीच्या खाली उभी राहून यांच्याकडे बघत होती.

"जवाईबापू, हे खाऊ ना?"

"खा बाई."

"लेकरं हायेत घरी. म्हनून इचारून राहिली."

"खा," हे म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर खा. काही होणार नाही."

मी तेव्हा आत आंबिलीला विरजण लावत होते. आवाज स्पष्ट ऐकू आला. प्रेमळ होता, आणि त्यात शंका नव्हती. महालक्ष्म्या जेवल्या, आम्ही अमरावतीला परतलो. चांगल्या ठरलेल्या पोत्यांतलं थोडं पीठ यांनी पुडीत बांधून आणलं होतं, वर्गात मुलांना दाखवायला.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी गावाहून निरोप घेऊन आलेला माणूस दारातच बसला. पाणी नको म्हणाला. "सुखदेवची बायको गेली," त्यानं सांगितलं. "म्हातारा गेला तशीच."

यांनी कोट घातला, ती पुडी खिशात टाकली आणि कॉलेजात गेले. दुपारनंतर परत आले ते बूट न काढता पायरीवर बसले. मी शेजारी जाऊन बसले. हे म्हणाले,

"कॉलेजातल्या माश्या त्याच पिठावर मेल्या."

"मग तिथल्या का नाही मेल्या?"

"दादा गोठ्यात दरवर्षी याच जातीचं औषध मारतो. दरवर्षी माश्या मरतात, थोड्या वाचतात. वाचलेल्यांची पिल्लं होतात. मग त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. मी हे वर्गात शिकवतो. दरवर्षी शिकवतो." मग पायाकडे बघत म्हणाले, "माश्या खोटं बोलल्या नाहीत. मीच ज्यांना विचारू नये त्यांना विचारलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शकुंतलेत बसलो. ते सगळं अंतर हे खिडकीबाहेर बघत होते, आणि बाहेर तीच पिवळी दुपार, तीच कपाशी, पाठीवर पंप घेतलेली तीच माणसं. दादानं उरलेली पोती पुरून टाकली होती आणि गावात सांगितलं होतं की सुखदेवच्या घरात मिरगी आहे. सासऱ्याची मिरगी सुनेला कशी लागते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

माजघरात दादानं यांचे दोन्ही हात धरले. "जे झालं ते झालं. आता बोलून का ते परत येनार हाये? तुमाले पाप लागन असं मी काई म्हनत नाही. पन तुमी बोलले त गाव माया दारात येईन. माया लेकरायकडे पाहा."

"त्यांच्या लेकरांकडे कोण बघणार?" हे म्हणाले आणि हात सोडवून घेतले.

सुखदेवच्या झोपडीपुढं माणसं उकिडवी बसली होती. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, पुढं जायचा धीर झाला नाही. हे मध्ये उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले की हे मिरगीनं झालेलं नाही, ज्वारीत विष होतं, ती चांगली आहे असं मी सांगितलं आणि माझं सांगणं चुकलं. म्हातारबुवाही त्याच ज्वारीनं गेले. कोणी ओरडलं नाही. कोणी उठलं नाही. दगड आला असता तर बरं वाटलं असतं असं हे पुढं कधीतरी म्हणाले होते. सुखदेव मातीत काडीनं रेघा ओढत होता. त्याच्या मागं दाराशी त्याची दहा-एक वर्षांची मुलगी, शेवंता, धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. त्या मुलाचं तोंड आईसारखं होतं.

"बरं," सुखदेव म्हणाला. तेवढंच.

परतताना दादा फाटकाशी उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तुया घरी सुखी राय. आता इकडे येऊ नोको." मी दर दिवाळीला वाट बघितली. भाऊबीज येई आणि जाई. गावात पुढं पंचनामे झाले, चौकशा झाल्या, दादाकडे लोक कामाला जाईनासे झाले, मग हळूहळू पुन्हा जायला लागले. भादव्यात ज्वारी त्याच्याकडेच असायची ना. माहेर मात्र मला परत मिळालं नाही. यांच्यावर मी कधी रागावले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपले. पण यांनी गप्प बसायला हवं होतं असं मनात आणायचा प्रयत्न केला की तो कडेवरचा मुलगा डोळ्यापुढं यायचा.

त्यानंतर ससे आले. परसात पेरूच्या झाडाखाली पिंजरे केले. हे सांगायचे, माशी नुसती मरते किंवा जगते, ती ओळखत नाही. रक्त ओळखतं. बाहेरचं काही अंगात शिरलं की सशाच्या रक्तात त्याची ओळख तयार होते आणि ती ओळख पक्की असते. रक्त माणसाचं की जनावराचं, ते तशा रक्तजलानं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यानं, तेव्हाही सांगता यायचं. मग विषाचं का नाही? अडचण एवढीच की विषाचा कण फार लहान, रक्ताच्या नजरेत भरत नाही. म्हणून तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाला जोडायचा आणि मग सशाला टोचायचा. रसायनशास्त्राचे एक गृहस्थ मदतीला होते, त्यांनाही ते जोडणं नीट जमत नव्हतं. कॉलेजात लोक हसायचे. प्राचार्यांनी विचारलं, सरकारनं सांगितलंय का हे? यांनी घरी सुरू ठेवलं.

मी त्या सशांना लसूणघास घालत होते. नावं ठेवली नाहीत, मुद्दामच. काही टोचल्यावर मरायचे. सकाळी पिंजऱ्यात पांढरा मऊ गोळा निपचित पडलेला असायचा आणि हे तो टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर न्यायचे.

एकदा बारीक काचनळीत खाली सशाचं रक्तजल, वर जोडलेल्या विषाचं पाणी, आणि दोन्हींच्या मध्ये एक पांढरं कडं उमटलं. झिरझिरीत, चंद्राच्या खळ्यासारखं. यांनी मला हाक मारली. त्या हाकेत इतका आनंद होता की मी पिठाच्या हातानं धावत गेले. मग यांनी दुसरी नळी घेतली. त्यात नुसता बलक, विष नाही. थोड्या वेळानं तिच्यातही तसंच कडं उमटलं.

"अंड्याला ओळखलं," हे म्हणाले. "विषाला नाही." आणि दोन्ही नळ्या धुऊन उपड्या ठेवल्या. त्याच्या पुढं ते काम कधी गेलं नाही. सोडलंही नाही.

शेवंता आली ती साठचं दशक संपत आलं तेव्हा, अशाच एका पिवळ्या दुपारी. मी ओळखलं नाही. आईसारखी उंच, गळ्यात नवी पोत. लग्न होऊन बडनेऱ्याकडे आली होती. दारातच म्हणाली, "मी पार्वताची पोरगी." हे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि उभेच राहिले. तिचा धाकटा भाऊ पुढच्या शाळेसाठी अमरावतीला यायचा होता. त्याला वसतिगृहात जागा पाहिजे होती आणि इथं तिच्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं. ती ओळख कसली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तिनं पिंजरे बघितले. "ससे कायले पाळले?"

यांनी सांगितलं. साध्या शब्दांत, काही न लपवता. अजून जमलं नाही, हेही. ती ऐकत राहिली. मग पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून म्हणाली,

"मायनं ते पीठ आमाले देल्लं नव्हतं."

हे तिच्याकडे बघायला लागले.

"आमाले अंबाडीची भाजी उकडून देल्ली नुसती. अन् सोता एकटी भाकर खात बसली. सकाळी खाल्ली, रातीले खाल्ली. आमाले हात लावू देये ना. बाबाले बी नाही. मने, सायेब म्हन्ते तसंच असन, पन आधी मले खाऊन पाऊ द्या. दोन दिस मले काई झालं नाही त मंग तुमी खा."

परसात ससे घास कुरतडत होते.

"लय भूक लागली होती," शेवंता म्हणाली. "भाऊ रडून राहिला होता. मी मायले म्हटलं, एकटीच गिळते, रांडे. गावात आयकलेली शिवी होती. तिनं मारलं नाही मले. नुसती खात राह्यली. मंग सकाळी तिले झटके आले." तिनं जाळीतून बोट काढून घेतलं. "बाकी कोनाचं काई नाही माया मनात. तेच एक लागून रायते."

"तू लहान होतीस गं," हे म्हणाले. 

"हो," ती म्हणाली. त्यांच्याकडे सरळ बघत, न रागावता. "तुमी मोठे होते."

मी चहा आणला. तिनं तो बशीत ओतून प्यायला, पदरानं तोंड पुसलं आणि उठली. बडनेऱ्याची बस गाठायची होती. पायरी उतरताना वळून विचारलं, "मंग भावाचं काम होईन ना, सायेब?"

"होईल," असं यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं. ते थांबले.

"आधी जाऊन बघतो," हे म्हणाले. "मग सांगतो."